दुपारचा सडा

शलाका स्वतःच्या लग्नात झोपली. आडवी होऊन नव्हे. उभ्या-उभ्या, हातात हार धरून, अंतरपाटाच्या अलीकडे. मंगलाष्टकं संपत आली तेव्हा तिचं डोकं करवलीच्या खांद्यावर टेकलं होतं, आणि अंतरपाट खाली आला तेव्हा रणजितला सगळ्यात आधी दिसलं ते नव्या बायकोचं उघडं तोंड. मांडवात हशा पिकला. रणजितही पोट धरून हसला. त्याच्या आईला मात्र अजिबात हसू आलं नाही.

मुहूर्त दुपारचा होता. शलाकाची तेव्हा मध्यरात्र चालली होती. पण हे त्या वेळी तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, तर मांडवाला कुठून असणार?

लहानपणापासून तिला रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा झोप यायची. आज दहाला, तर उद्या पावणेअकराच्या आसपास, आणि असं करत करत आठवड्याभरात ती पहाटेपर्यंत टक्क जागी. मग आणखी सरकत सरकत महिन्या-सव्वा महिन्यानं पुन्हा चारचौघांच्या रांगेत. रांगेत असायची तेवढे दिवस ती वर्गात पहिली, आणि इतर वेळी बाकावर डोकं ठेवून झोपलेली. घरच्यांनी तिला सूर्यवंशी म्हणून झालं, आळशी म्हणून झालं, तोंडावर पाणी मारून झालं. शेवटी आजोबा तिला एका देवऋषाकडे घेऊन गेले. हा अमावस्येचा फेरा आहे, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. पण पोरीचा फेरा कधी चतुर्थीला यायचा, कधी अष्टमीला. तिसऱ्या खेपेला देवऋषीच मागच्या दारानं शेतात निघून गेला.

सासरी आल्यावर प्रश्न आला सड्याचा. माणदेशातल्या त्या गावात दिवस उजाडायला दारात सडा-रांगोळी झाली नाही, तर घरात कुणी गेलंय की काय म्हणून शेजारीपाजारी डोकावतात. आत्या, म्हणजे शलाकाच्या सासूबाई, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या, "सडा मीच टाकती, रांगोळी मीच काडती, आन सून उटती शाळा सुटताना. मला वाटलं, सून आणली. ही तर पावनीच आणली!"

शलाका ऐकून घ्यायची. आपण आळशी आहोत हे तिलाही पटलेलं होतं.

मग गावाबाहेरच्या माळावर मंगळकेंद्र आलं.

तिथलं काम सांगायला सोपं होतं. मंगळावर काही यंत्रं जमिनीतला बर्फ खणून ठेवत होती, पुढं माणसं जातील तेव्हा त्यांना पाणी असावं म्हणून. यंत्रं उन्हावर चालायची आणि तिथली रात्र झाली की गप्प बसायची. दिवसभराचं काम त्यांना पृथ्वीवरून नेमून द्यायचं, म्हणजे तिथं सूर्य उगवायच्या वेळी इथं माणूस ताजातवाना हवा. पण मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा. त्यामुळे आज सात वाजता लागलेली पाळी उद्या पावणेआठच्या सुमारास लागणार, परवा त्याच्याही पुढं, आणि अडीच आठवड्यांत सकाळची पाळी थेट संध्याकाळवर येऊन बसणार. यंत्रांना काम नेमून देणारे चांगले धडधाकट चालक महिन्याभरात रडकुंडीला आले. एकानं घरी जाताना मोटारसायकल ओढ्यात घातली.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन घरी बसलेली शलाका तिथं चालक म्हणून लागली, आणि दर पाळीला न्हाऊन-माखून, केसांत गजरा माळून हजर व्हायला लागली. ती थकतच नव्हती. केंद्राच्या डॉक्टर परुळेकर मॅडमना शंका आली. त्यांनी तिला दोन आठवडे बिनखिडकीच्या खोलीत ठेवलं, घड्याळाशिवाय, हवं तेव्हा झोप, हवं तेव्हा ऊठ, असं सांगून.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाच्या मेंदूत एक बारीकसं घड्याळ असतं. बहुतेकांचं चोवीस तासांच्या किंचित पुढं असतं, आणि रोज सकाळचा उजेड ते ओढून जागेवर आणतो. तुमचं बरंच पुढं आहे, आणि उजेडाला दाद देत नाही. तुमचा दिवस मंगळाच्या दिवसाएवढा आहे. दोन-तीन मिनिटं इकडं-तिकडं."

शलाका तिथंच रडली. एकोणतीस वर्षं ऐकलेली सगळी बोलणी तिला एकदम आठवली आणि तिला भयंकर राग आला.

त्या रागातच ती वाचत सुटली. एवढ्यातेवढ्यावरून माणसाला नावं ठेवणारा हा दिवस आला तरी कुठून, हे तिला बघायचं होतं. आणि तिला आढळलं, की सूर्यमालेत दिवस वाटून द्यायला कुणी बसलंच नव्हतं. धूळ आणि दगड एकमेकांवर आपटून, चिकटून ग्रह झाले. शेवटच्या मोठाल्या धडका कुठून बसल्या, सरळ की तिरक्या, त्यावर बहुतेकांची गिरकी ठरली. गुरू एवढा अवाढव्य, पण दहा तासांत गर्रकन फिरतो. शुक्र उलटा फिरतो, आणि इतका रमतगमत, की त्याची स्वतःभोवतीची एक फेरी संपायच्या आत सूर्याभोवतीची फेरी पुरी होते. वर्षाचा हिशोब वेगळा. तो ग्रह सूर्यापासून किती लांब आहे त्यावर. जवळच्याला वाट थोडी, आणि सूर्याची ओढ जास्त म्हणून वेगही जास्त; लांबच्याला वाट मोठी आणि चाल मंद. बुधाचं वर्ष तीन महिन्यांत आटोपतं, आणि नेपच्यूनचं एक वर्ष बघायला आपल्या दोन पिढ्या पुरत नाहीत. यातलं बरोबर कुठलं आणि चूक कुठलं, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

रणजितचं जळालेल्या पंप-मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. तो चोवीस तासांचा माणूस, कोंबड्याच्या आधी उठणारा. पण त्यानं बायकोच्या फेऱ्याशी जमवून घेतलं होतं. महिन्या-सव्वा महिन्यातून काही दिवस दोघांची सकाळ एक व्हायची. त्यातल्या पहिल्या दिवसाला रणजित 'जुळणी' म्हणायचा. त्या दिवशी दुकान बंद. दोघं एकत्र उठायची, एकत्र चहा प्यायची आणि हायवेवर भजी खाऊन यायची. दिवाळीला त्यानं बायकोला कधी साडी घेतली नसेल, पण जुळणी चुकवली नाही.

मुलगी झाली, जुई. तिला पाळण्यात असल्यापासून सगळे निरखत होते. ती पाच वर्षांची झाली तेव्हा शंका उरली नाही. पोरगी आईवर गेली होती.

तोवर 'ताल' आला होता. तांदळाच्या दाण्याएवढी कुपी, दंडात कातडीखाली बसवायची. तिच्यातून मोजून-मापून एक औषध रक्तात सुटायचं आणि मेंदूतल्या घड्याळाला हवं तसं मागं-पुढं ढकलायचं. आकडा घालायचा, की पंधरा दिवसांत शरीर त्या आकड्याला लागलं. आधी तो केंद्रातल्या चालकांना मंगळाच्या दिवसाला लावायला निघाला. शलाकाला त्याची गरजच नव्हती, आणि तिनं तो घेतलाही नाही. पण हवा तसा दिवस माणसाला लावता येतो म्हटल्यावर गोष्ट माळावर थोडीच थांबणार? रात्रपाळीचे कारखाने आले, लांबचे ट्रकवाले आले. आणि मग जुई अकरा वर्षांची असताना ताल शाळेत आला.

शाळा चालवणाऱ्या संस्थेनं ठरवलं, की ज्या मुलांची झोप सरकते त्यांना ताल बसवून चोवीस तासांवर आणायचं. खर्च संस्थेचा. सही आईवडील दोघांची. सही नसेल, तर पुढच्या वर्गात प्रवेश नाही.

आत्यांनी निरोप ऐकला आणि देवापुढं साखर ठेवली. "सुटली पोरगी," त्या म्हणाल्या. "एक सून मी सोसली. आता नातीला तरी सकाळ बगू द्या."

खरं सांगायचं तर शलाकाचंही मन डळमळलं होतं. बाकावर डोकं ठेवून झोपलेल्या मुलीला काय-काय ऐकावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? जुई खो-खोत तरबेज होती, पण सामने सकाळचे, आणि निम्म्या सामन्यांना ती पाटीवर बसल्या जागी पेंगायची. तिला खो दिलेला कळायचा नाही. दंडात एक दाणा, आणि हे सगळं संपणार होतं.

ती डळमळ घेऊनच ती पाळीवर गेली. कँटीनमध्ये इब्राहिम मुलाणी बसला होता. तिच्या बरोबरच लागलेला चालक. केंद्राला सेरेसचं काम मिळाल्यापासून त्याची भेट दुर्मीळ झाली होती. सेरेस हा मंगळापलीकडचा छोटा ग्रह. त्याचा दिवस नऊ तासांचा. इब्राहिमला आधी तालानं मंगळाला लावलं होतं, मग तोच ताल फिरवून सेरेसला लावलं. सहा तास जागा, तीन तास झोप, पुन्हा सहा तास जागा.

"कसं काय चाललंय, इब्राहिमभाई?"

"झकास," तो हसून म्हणाला. "बायकोच्या एका दिवसात माझे पावणेतीन होतात. तिनं एकदा भांडण काढलं की मला तीन दिवस पुरतं."

शलाका हसली. तो मात्र हसता हसता थांबला. चहाच्या कपाकडं बघत म्हणाला, "परवा धाकटीनं विचारलं, अब्बा, तू आलास की लगेच का जातोस? मी म्हटलं, बेटा, मी तर आख्खा दिवस होतो घरी. माझा आख्खा दिवस, शलाकाताई. तिचा फक्त अभ्यास झाला होता."

"मग काढून टाका की ताल."

"काढून मी कुठल्या दिवसावर यायचं? माझा असा कुठला होता, तेच शरीराला आठवंना झालंय. मंगळाचा संपला तेव्हा सेरेसचा घातला. सेरेसचं काम संपलं, की आणखी कशाचा तरी घालतील." त्यानं घड्याळ बघितलं आणि उठला. त्याची रात्र व्हायला आली होती.

शलाका त्या कपासमोर बसून राहिली. तिच्या लक्षात आलं, की ताल एकदा बसला की आकडा घालणारा हात वेगळाच असतो. आज शाळा चोवीस घालणार. उद्या जुईला नोकरी देणारा नऊ घालेल, नाहीतर तीस. आणि आपल्या आत आपला असा एक दिवस होता, हे पोरीला कधी कळणारसुद्धा नाही. तिची डळमळ तिथंच संपली.

घरी रणजित कागदावर सही करून बसला होता. शलाकाच्या सहीची जागा कोरी होती.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

रणजित सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "तेरा वर्षं! तेरा वर्षं मी तुझ्या सकाळची वाट बघतोय, शलाका. महिन्यातून चार दिवस माझी बायको माझ्याबरोबर जागी असते. मी कधी बोललो? पण जुईच्या नवऱ्यानंपण हेच करायचं? असा येडा दुसरा मिळंल का तिला?"

हे खरं होतं, आणि ते तिला लागलं. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"तुम्ही वाट बघितली," ती म्हणाली. "माझ्या आईनं तोंडावर पाणी मारलं. आजोबांनी देवऋषी केला. आत्यांनी गल्लीला ऐकवलं. सगळी मला दुरुस्त करायला निघाली होती, आन तुम्ही एकटे दुकान बंद करून माझ्या सकाळसाठी थांबलात. म्हणून मी या घरात नांदले. मला कुणी नीट केलं म्हणून न्हाई. उद्या तिला असा माणूस मिळाला न्हाई, तर ती एकटी राहील. पण मोडकी म्हणून राहणार न्हाई."

दारात जुई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, मी बिघडलीय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," शलाका म्हणाली. "आन बिघडलीयस असं जो म्हणंल, त्याला माझ्याकडं पाठव."

शाळेत बैठक भरली. मुख्याध्यापिका घोरपडे मॅडम होत्या, संस्थेनं बोलावलेले ताल बसवणारे डॉक्टर होते, आणि सरकत्या झोपेची सात-आठ मुलं आणि त्यांचे आईबाप होते. बाकी सगळ्यांनी सह्या आणल्या होत्या. आत्याही आल्या होत्या, सुनेला शब्दानं अडवता आलं तर बघावं म्हणून. रणजित दुकानातून यायचा होता.

डॉक्टर तरुण होते आणि वाईट नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "हे बघा ताई, यात घाबरण्यासारखं काही नाही. दिवस चोवीस तासांचा असतो. आपण मुलीला फक्त त्यावर आणतोय."

"कुठं असतो?" शलाका म्हणाली.

"म्हणजे?"

"चोवीस तासांचा दिवस. कुठं असतो?"

मागं कुणीतरी हसलं. डॉक्टरही हसले. "आपल्या पृथ्वीवर."

"कधी?"

आता ते गोंधळले. शलाका उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. "पृथ्वीला चंद्र झाला तेव्हा हिचा दिवस पाच-सहा तासांचा असावा, असं शास्त्रज्ञ सांगतात. मग चंद्रानं समुद्राला भरत्या आणल्या, आणि त्या भरत्यांनी पृथ्वीच्या गिरकीला ब्रेक लावला. अजून लागतोय. डायनासोर होते तेव्हा दिवस साडेतेवीस तासांचा झाला होता, आज चोवीसचा आहे, पुढं पंचवीसचा होईल. मंगळाचे चंद्र चिमुकले, त्यांना ब्रेक लावता येत नाही, म्हणून तो आपल्या जुन्याच चालीनं फिरतोय. चोवीस हा आजचा भाव आहे, डॉक्टर. तो देवानं दगडावर कोरलेला नाही. आणि ज्या आकड्यावर ही आख्खी पृथ्वी टिकून राहत नाही, त्याच्यासाठी माझ्या पोरीचा दंड कापायचा?"

"पण शाळा तर अकरालाच भरणार ना!" घोरपडे मॅडम कळवळून म्हणाल्या. "एका मुलीसाठी मी घंटा रोज पुढं ढकलू?"

"ढकलू नका. तुमचं बरोबर आहे, तुमच्याकडं पाचशे पोरं आहेत. मी माझी घेऊन जाते. केंद्रात आमची घंटा रोज चाळीस मिनिटं पुढं जाते, बारा वर्षं जाते, काही कोसळलेलं नाही. मी तिथं शिकवीन. परीक्षा बाहेरून देईल ती. नापास झाली तर मला नावं ठेवा, तिला नाही."

"आणि खो-खो?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

ते मात्र शलाकाला जड गेलं. तिनं जुईकडं बघितलं. जुईचे डोळे भरले होते. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "संध्याकाळचे सामने असतील तेवढे खेळीन. जागी असले तर सोडणार न्हाई कुणाला."

घोरपडे मॅडमनी कागद पुढं सरकवला. "एक सही तर आहे. वडलांची. तुम्ही पुन्हा एकदा विचार करा."

"ती खोडा, मॅडम," दारातून आवाज आला. रणजित आला होता, हात ग्रीसनं काळे. "सही माझीच हाय, पण ती दमून केलेली हाय. दमलेल्या माणसाची सही धरू नये." आणि तो पुढं येऊन बायकोशेजारी उभा राहिला. आत्यांनी कपाळाला हात लावला.

सह्या आणलेल्या आईबापांतून एक बाई उठली, आपला कागद घडी करून कमरेला खोचला आणि मुलाचा हात धरून बाहेर पडली. बाकीच्यांनी सह्या दिल्या. त्यांच्या मुलांना ताल बसला, आणि ती मुलं वेळेवर उठायला लागली, हेही सांगायला हवं.

जुईचं नाव शाळेतून कमी झालं. गावात दोन दिवस तोच विषय होता. पोरीचं वाटोळं केलं, असं शलाकाच्या तोंडावर सांगून जाणारेही होते. रणजितला आईनं जेवण वाढलं, पण बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी शलाकाची आणि जुईची सकाळ दुपारी दोनला झाली. ऊन रणरणत होतं. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर चार माणसं टेकली होती, आणि बाजाराचा दिवस असल्यानं गल्लीतून येणं-जाणं होतं. शलाकानं तोंड धुतलं, वेणी घातली आणि शेणाची बादली कालवली. जुळणीच्या आसपासचे दिवस सोडले, तर लग्न झाल्यापासून तिनं या दारात कधी सडा टाकला नव्हता. एरवी तिची सकाळ व्हायची तेव्हा तो टाकून वाळलेला असायचा, आणि तिला तो पुन्हा टाकायची लाज वाटायची.

आज तिनं दार सताड उघडलं आणि भर दुपारी अंगणात सडा शिंपडायला सुरुवात केली. उन्हानं तापलेल्या मातीतून वाफ उठली. जुई रांगोळीचा डबा घेऊन मागोमाग आली आणि उंबऱ्यापाशी बसून ठिपके द्यायला लागली.

पायरीवरची माणसं बघतच राहिली. बाजाराची पिशवी घेऊन चाललेली शेजारची कासाबाई थांबली. "अगं शलाके, येड लागलं का? दिवस कलला आन आता सडा?"

शलाका बोलणार, तेवढ्यात आत्या आतून दारात आल्या. शलाकाचा हात बादलीतच थांबला. आत्यांनी ओल्या अंगणाकडं बघितलं, नातीच्या ठिपक्यांकडं बघितलं. मग खाली वाकून त्यांनी उंबऱ्यातल्या चपला उचलल्या, सड्याच्या पाण्यानं भिजू नयेत म्हणून बाजूला ठेवल्या, आणि तोंड फिरवून आत गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून चहाच्या आधणाचा आवाज आला.

कासाबाई अजून उभीच होती. "काय गं पोरी, मी काय इचारती? ही काय येळ हाय का सड्याची?"

जुईनं ठिपके जोडता जोडता मान वर केली.

"व्हय काकू," ती म्हणाली. "आमच्यात दुपारी उजाडतं."